घरच्या माडाचे खोबरेल खावे की सोडावे?

गोव्यातील फोंडा महालातील एका गृहिणीचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमचे कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे. माडांचे नारळ सोलून, खोबरे उन्हात वाळवून आम्ही घाण्यावर नेतो आणि वर्षभराचे तेल घरचेच होते. घरात आम्ही तिघे आहोत: मी, माझे यजमान (वय 58) आणि सासूबाई (वय 81). महिन्याला चार लिटर तेल लागते आणि ते सगळे खोबरेलच असते. शिवाय रोजच्या स्वयंपाकात अर्धा नारळ जातोच. गेल्या महिन्यात यजमानांच्या रक्ततपासणीत एलडीएल (वाईट म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल) 168 आले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि खोबरेल पूर्ण बंद करा म्हणून सांगितले. पुण्याला असलेली लेक मात्र फोनवर सांगते की रोज सकाळी दोन मोठे चमचे व्हर्जिन खोबरेल कोमट पाण्यातून घ्या, त्याने बाबांचे वजन उतरेल आणि आजीची स्मरणशक्ती टिकेल. सासूबाई म्हणतात, याच तेलावर आमच्या चार पिढ्या जगल्या, त्यांना कुठे काय झाले? मी कोणाचे ऐकू?"

ताई, सप्रेम नमस्कार. तुम्ही तेलाचे आणि नारळाचे माप पत्रात दिलेत, हे फार बरे केलेत. बहुतेक जण "आम्ही तेल बेताचेच वापरतो" एवढेच लिहितात आणि त्यावर काही सांगणे कठीण होते. उत्तर आधीच सांगते. यजमानांच्या बाबतीत डॉक्टरांचे म्हणणे बरोबर दिशेचे आहे, लेकीचा सल्ला मानू नये, आणि सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते तेलाविषयी कमी आणि त्या काळच्या जेवणाविषयी जास्त आहे. मात्र तुमच्या घरातला खरा प्रश्न बाटलीतल्या तेलापुरता नाही. आपल्या स्वयंपाकात नारळाची चरबी दोन वाटांनी येते, एक फोडणीतून आणि दुसरी वाटपातून, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्यातून, आणि डॉक्टर, लेक, सासूबाई या तिघांपैकी कोणीच त्या दोन्हींची बेरीज केलेली दिसत नाही.

ती बेरीज करण्यापूर्वी या तेलात असते काय, ते पाहू. खोबरेल म्हणजे शुद्ध चरबी. त्यात प्रथिने नाहीत, तंतू नाहीत, खनिजे नगण्य, जीवनसत्त्व ई असलेच तर नाममात्र. एका मोठ्या चमच्यात साधारण 14 ग्रॅम तेल मावते आणि त्यातून सुमारे 120 कॅलरी मिळतात, म्हणजे इतर कोणत्याही तेलाइतक्याच. फरक आहे तो चरबीच्या जातीत. खोबरेलातील 80 ते 90 टक्के चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. शेंगदाण्याच्या तेलात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आत आणि सूर्यफुलाच्या तेलात 10 टक्क्यांच्या आसपास असते. खोबरेलातील निम्म्याच्या जवळपास वाटा लॉरिक आम्लाचा, त्याखालोखाल मिरिस्टिक आणि पामिटिक आम्लांचा. शरीराला स्वतः बनवता येत नाही असे लिनोलेइक आम्ल त्यात अवघे दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि ओमेगा-3 जवळजवळ नसतेच. कोलेस्टेरॉल मात्र त्यात अजिबात नसते, कारण ते कोणत्याच वनस्पतिज तेलात लक्षात घेण्याइतके नसते; त्यामुळे बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या "कोलेस्टेरॉलमुक्त" या शब्दावर जाऊ नये. रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृत तयार करते, आणि संपृक्त चरबी वाढली की यकृत रक्तातले एलडीएल उचलण्यात मंदावते.

आता तुमचा हिशेब. चार लिटर खोबरेलाचे वजन साधारण 3 किलो 680 ग्रॅम भरते. तिघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी दिवसाला सुमारे 41 ग्रॅम तेल होते, आणि त्यात संपृक्त चरबी 35 ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या नारळाचे खोबरे सव्वाशे ग्रॅम धरले, तर ओल्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा चरबी असते, म्हणून त्यातून माणशी आणखी 12 ग्रॅम संपृक्त चरबी येते. बेरीज 47 ग्रॅम झाली, आणि यात चहातले दूध, सणासुदीचे तूप किंवा रविवारचे मटण धरलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये पुन्हा सांगितले आहे की संपृक्त चरबीतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा 22 ग्रॅमची होते. एलडीएल वाढलेल्या माणसाने तर 13 ग्रॅमच्या आसपासच थांबावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. तळणीत उरलेले आणि फेकलेले तेल वजा केले, पाहुण्यारावळ्यांच्या पानातले वगळले, तरी तुमच्या घरचा आकडा मर्यादेच्या बराच वर राहील. आणि तुम्ही यातून तेल पूर्ण काढले पण वाटपातला नारळ वाढवलात, जे चव भरून काढण्यासाठी पुष्कळ घरांत होते, तर हाती फारसे काही लागणार नाही.

एवढी चरबी पोटात गेल्याने नेमके काय होते, यावर गेल्या काही वर्षांत बरेच काम झाले आहे. 2020 मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शेंगदाणा, सूर्यफूल, ऑलिव्ह यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल खाणाऱ्यांचे एलडीएल सरासरीने दर डेसिलिटर रक्तामागे 10 मिलिग्रॅमच्या थोडे वर वाढलेले आढळले (यजमानांचा 168 हा आकडाही याच मापातला), आणि चांगले म्हणवले जाणारे एचडीएलही 4 मिलिग्रॅमने वाढले. खोबरेलाची बाजू घेणारे दुसऱ्या आकड्यावर भर देतात. पण औषधांनी एचडीएल वाढवून हृदयविकाराचे झटके कमी करण्याचे मोठे प्रयत्न फसले आहेत, त्यामुळे केवळ एचडीएल चढले म्हणून एलडीएलच्या चढण्याची भरपाई झाली असे आज कोणी जबाबदारीने म्हणू शकत नाही. लोण्याशी तुलना केली तर मात्र खोबरेल उजवे ठरते.

उलट बाजूचे पुरावेही तुमच्यापुढे ठेवायला हवेत. इंग्लंडमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पन्नाशीपुढच्या निरोगी माणसांना चार आठवडे रोज 50 ग्रॅम खोबरेल दिले गेले आणि ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे एलडीएल वाढले नाही. केरळात 200 हृदयरुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल आणि सूर्यफूल यांत फरक दिसला नाही. हा दुसरा अभ्यास आपल्याकडे फार फिरवला जातो, म्हणून सांगते: ते रुग्ण हृदयविकाराचे नेहमीचे औषधोपचार घेत होते, आणि औषध चालू असताना तेलातला लहान फरक झाकला जाणे अगदी शक्य आहे. पहिली चाचणी चार आठवड्यांची होती आणि माणसे निरोगी होती. या दोन अभ्यासांच्या भरवशावर 168 एलडीएल असलेल्या माणसाला "खा बिनधास्त" म्हणण्याची माझी तयारी नाही.

तरीसुद्धा 10 मिलिग्रॅम हा आकडा नीट लक्षात ठेवावा, कारण तो दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो. नुसते तेल बदलून 168 चे 100 होणार नाही. म्हणूनच गोळी सोडून केवळ तेलावर प्रयोग करण्याचा विचार यजमानांच्या मनात असेल, तर तो त्यांनी काढून टाकावा. गोळी चालू ठेवून आहार सुधारला तर दोन्हींचा फायदा मिळतो. त्याचबरोबर डॉक्टरांना एकदा विचारून थायरॉइडची आणि साखरेची तपासणीही करून घ्यावी, कारण थायरॉइड मंद झाले तरी एलडीएल वाढते, आणि मग खापर उगाच नारळावर फुटते.

सासूबाईंच्या चार पिढ्यांबद्दल बोलायचे तर प्रशांत महासागरातील पुकापुका आणि टोकेलाऊ या बेटांवरील लोकांचा 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवतो. टोकेलाऊचे लोक आपल्या 63 टक्के कॅलरी नारळातून घेत होते, पुकापुकाचे 34 टक्के. दोन्हीकडे हृदयविकार क्वचितच आढळत होता, आणि नारळाचे समर्थक इथेच थांबतात. पुढची ओळ अशी की, जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊच्या लोकांचे कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांपेक्षा 35 ते 40 मिलिग्रॅमने जास्त होते. त्यांना तारले असेल तर ते मासे, कंदमुळे, अंगमेहनत आणि साखर-मैद्याचा अभाव यांनी. आपल्याकडचे जुने जेवणही याच वळणाचे होते. उकड्या तांदळाची पेज, तारले-बांगड्याचे हुमण (नारळाच्या वाटपातली माशांची आमटी), परसातली भाजी, आणि दिवसभर शेताभाटात राबणे. सासूबाईंनाच विचारून पाहा की त्यांच्या सासूच्या काळी महिन्याला चार लिटर तेल कोणत्या घरात लागत होते. मासे रोज तळले जात होते की फक्त पाहुणे आल्यावर, आणि संध्याकाळच्या चहाबरोबर भजी किंवा फरसाण किती वेळा असे. त्या पिढ्या नारळावर जगल्या हे खरेच आहे, पण बहुतांशी तो रगड्यावर तंतूंसकट वाटलेला नारळ होता.

लेकीला माझा निरोप द्या. तिने जे वाचले आहे त्याचे मूळ मध्यम लांबीच्या साखळीच्या चरबीवर झालेल्या प्रयोगांत आहे. ही चरबी आतड्यातून थेट यकृताकडे जाते, लवकर जळते, आणि वजनावर तिचा थोडासा चांगला परिणाम काही प्रयोगांत दिसला आहे. पण ते प्रयोग कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांपासून खास बनवलेल्या तेलावर झाले होते, आणि खोबरेलात या दोन आम्लांचा मिळून वाटा सात-आठ चमच्यांत जेमतेम एका चमच्याइतका असतो. लॉरिक आम्लाची गणना कागदावर त्याच गटात होते, तरी शरीरात त्याचा मोठा भाग नेहमीच्या लांब साखळीच्या चरबीच्याच वाटेने जातो. म्हणजे प्रयोग एका तेलावर झाला आणि जाहिरात दुसऱ्याची झाली. कोमट पाण्यातले दोन मोठे चमचे म्हणजे 240 कॅलरी आणि 23 ते 24 ग्रॅम संपृक्त चरबी. जेवणातले काहीही कमी न करता त्या रोज पोटात गेल्या तर वजन उतरण्याऐवजी वाढेल. स्मृतिभ्रंश खोबरेलाने टळतो किंवा सुधारतो, याला भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. आजीची काळजी वाटणे योग्यच आहे. त्यासाठी त्यांचा रक्तदाब, साखर, ब-12 जीवनसत्त्व आणि कानाने ऐकू येणे यांची तपासणी करून घेतलेली अधिक बरी.

व्हर्जिन तेलाची महती वेगळी थोडी सांगते, कारण त्याची बाटली घाण्याच्या तेलापेक्षा कितीतरी महाग मिळते. ओल्या नारळाच्या दुधापासून, फारशी उष्णता न देता काढलेले ते तेल. त्याला वास सुरेख असतो आणि काही सुवासिक, ऑक्सिडीकरणाला आवर घालणारी द्रव्ये त्यात जास्त उरतात. संपृक्त चरबीचे प्रमाण मात्र तेवढेच. तुमच्या घरी घाण्याचे तेल असताना ते विकत आणण्याचे कारण मला दिसत नाही.

स्वयंपाकघरात काय करावे, ते आता सांगते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप दिवसाला 27 ग्रॅम धरले आहे. त्या मापाने तुमच्या तिघांना महिन्याला अडीच लिटर तेल पुरायला हवे. यातले अर्धा लिटर खोबरेल ठेवावे आणि दोन लिटर शेंगदाण्याचे, किंवा शेंगदाणा आणि सूर्यफूल आलटून पालटून. महिन्याच्या एक तारखेला ही दोन्ही तेले वेगळ्या बरण्यांत ओतून ठेवा आणि त्यातूनच काढा. फोडणीच्या वेळी डोळ्याने घातलेले तेल मोजले जात नाही. अर्धा लिटर खोबरेल माणशी दिवसाला एका लहान चमच्याएवढे होते. हा चमचा कढईत जाळून वाया घालवू नये. किसमुरीवर (खोबरे घातलेल्या कोशिंबिरीवर) किंवा तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या हुमणावर वरून कच्चे सोडलेले खोबरेल जेवढी चव देते तेवढी फोडणीतले चार चमचेही देत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोडणी, परतणे, भाजी हे शेंगदाण्याच्या तेलात करावे. रव्यात घोळवलेला बांगडा तेलात बुडवून न तळता तव्यावर दोन चमचे तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करावा, आणि तोही आठवड्यातून दोनदा. बाकी दिवशी हुमण, सुके किंवा वाफवलेली मासळी असावी, कारण तारले आणि बांगडा यांच्यातच तो ओमेगा-3 आहे जो खोबरेलात नाही. गोव्यात राहून तो गोळ्यांतून घ्यायची गरज पडू नये.

नारळाचे वाटप पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही. तसे सांगितलेले गोव्यात कोणी चार दिवसही पाळत नाही. अर्धा नारळ रोज लागतो तो आठवड्यातून चार दिवसांवर आणावा. उरलेल्या दिवशी सोलांचे सार, टोमॅटोचे सार किंवा बिनवाटपाची आमटी करता येईल. ज्या दिवशी नारळ असेल त्या दिवशी तो बारीक वाटून सगळाच हुमणात घालावा, म्हणजे खोबऱ्यातले तंतू, जे शंभर ग्रॅममध्ये 9 ग्रॅमच्या आसपास असतात, तेही पोटात जातील. रस पिळून चोथा टाकून दिला की तंतू गेले आणि चरबी राहिली. म्हणून घट्ट रसाची सोलकढी रोज न करता सणावारी ठेवावी. एवढे केलेत तर नारळ आणि तेल मिळून यजमानांची संपृक्त चरबी माणशी 47 वरून 15 ग्रॅमच्या आसपास येते.

घाण्याच्या तेलाविषयी एक सूचना मात्र आवर्जून. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने वाळवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या वरून कोरड्या दिसतात आणि आत ओलसर राहतात. चांगले वाळलेले खोबरे हाताने मोडले तर कटकन मोडते. वाकले तर त्यात पाणी आहे असे समजावे. अशा वाटीच्या आतल्या अंगाला हिरवट किंवा काळपट बुरशी धरते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते. कारखान्यात शुद्धीकरण होताना ते बऱ्याच अंशी निघते, घाण्याच्या तेलातून निघत नाही. तेव्हा पेंडीसाठी का होईना, बुरशीची एकही वाटी पोत्यात टाकू नये. ती पेंड गुरांच्या पोटात जाते. तेलात पाण्याचा अंश राहिला तर ते खवट होते, आणि खवट खोबरेलाची चव जिभेला साबणासारखी लागते. तशी लागली तर ते तेल समईसाठी ठेवावे. तसेच चवथीच्या नेवऱ्या (गणेशचतुर्थीच्या करंज्या) तळलेले तेल दुसऱ्या-तिसऱ्यांदा तळणीला वापरू नये. खोबरेल इतर तेलांपेक्षा तापवण्याला जास्त टिकते हे खरे, पण धूर येईपर्यंत तापलेले तेल कोणत्याच जातीचे चांगले नाही.

शेजारपाजारचे लोक म्हणतात की थंडीत बाटलीत गोठणारे तेल माणसाच्या नसांतही गोठते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 24 अंशांच्या खाली गेला की खोबरेल थिजते, एवढेच ते आहे. शरीराचे तापमान 37 अंश असते, आणि खाल्लेले तेल तेलाच्या रूपात नसांतून फिरत नाही. नसांचे नुकसान करते ते वर्षानुवर्षे वाढलेले एलडीएल.

उरलेल्या तेलाचे काय करायचे, असाही प्रश्न तुम्हाला पडेल. सासूबाईंच्या कोरड्या पडणाऱ्या अंगाला ते खुशाल लावावे. कोरड्या त्वचेवर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. केसांना लावायला तर हरकत नाहीच. सासूबाईंच्या पानातले खोबरे मात्र यजमानांच्या मापाने कमी करू नका. एक्याऐंशीव्या वर्षी भूक मंदावते, आणि वजन उतरत असेल तर पेजेवरचा एक चमचा तेल किंवा हुमणातले खोबरे हीच त्यांची ताकद असते. त्यांचे वजन दर महिन्याला काट्यावर पाहावे आणि ते घटत चालले तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

यजमानांची रक्ततपासणी दोन ते तीन महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करावी. त्या आधी गोळी चुकली असेल, किंवा दोन्ही बरण्या महिन्याच्या वीस तारखेलाच रिकाम्या होत असतील, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, म्हणजे अहवालातला आकडा गोळीमुळे आला की जेवणामुळे, हे त्यांना ठरवता येईल आणि गोळीचे माप वाढवायचे की नाही तेही.